भांडवल मागावें कसें?

माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. अर्थशास्त्राचे मोठे ग्रंथ मीं वाचलेले नाहींत. परंतु छत्तीस वर्षें शाळेंत शिक्षकाचें काम केलें, आणि त्या अवधींत नफातोट्याचीं व सरळव्याजाचीं गणितें मुलांकडून इतकीं करून घेतलीं कीं, आज झोपेंतून उठवून विचारलें तरी मुद्दल, दर आणि मुदत यांचा गुणाकार करून त्याला शंभरानें भागीन. एवढ्याच शिदोरीवर आज मी आपणांशीं बोलणार आहें. विषय असा कीं, ज्याच्या अंगीं कसब आहे, कष्टाची तयारी आहे, पण गांठीं पैसा नाहीं, त्यानें एखादा लहानसा धंदा उभा करण्यासाठीं दुसऱ्यापाशीं भांडवल मागावें तरी कसें?

आपल्या लोकांत मागण्याची लाज फार. गंमत अशी कीं, मुलीच्या लग्नासाठीं कर्ज काढतांना ही लाज आड येत नाहीं. परंतु धंद्यासाठीं पैसा मागावयाचा म्हटला कीं, जीभ अडखळूं लागते. मग मागणारा दोहोंपैकीं एक वाट धरतो. एक तर तो आपलें दुःख सांगतो: नोकरी सुटली, आई आजारी आहे, तुमच्याशिवाय मला कोण आहे? नाहीं तर तो मोठमोठीं स्वप्नें दाखवितो: वर्षाच्या आंत पैसे दुप्पट होतील, पुढच्या दिवाळीला दुसरें दुकान घालूं. पहिलें ऐकून आपणांस दया येते, दुसरें ऐकून लोभ सुटतो. परंतु दयेनें दिलेला पैसा ही भीक होय आणि लोभानें दिलेला पैसा हा जुगार होय; भांडवल या दोहोंहून निराळें आहे. भीड ही भिकेची बहीण, असें आपली म्हण सांगते. भांडवलाच्या बाबतींत ती मागणाऱ्याला लागू पडते, तशीच देणाऱ्यालाही पडते.

या भिडेचा एक अनुभव माझ्याच पदरीं आहे, तो आधीं सांगतों. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. माझा एक बालमित्र तालुक्याच्या गांवीं छापखाना काढणार होता. पायानें चालवावयाचें एक जुनें यंत्र, खिळ्यांच्या पेट्या आणि भाड्याचा एक गाळा, एवढें त्याला जमवावयाचें होतें. एके रात्रीं जेवणें झाल्यावर तो माझ्या घरीं आला, बराच वेळ इकडचें तिकडचें बोलला, आणि उठतां उठतां म्हणाला, "थोडे पैसे कमी पडताहेत. तुझ्याशिवाय मला कोण आहे?" अशा प्रश्नाला उत्तर नसतें. माझ्या पत्नीनें मुलीच्या शिक्षणासाठीं पोस्टांत ठेवलेले आठ हजार रुपये मीं दुसऱ्या दिवशीं काढले आणि त्याच्या हातावर ठेवले. कागद केला नाहीं, व्याज ठरविलें नाहीं, परत केव्हां देणार हेंही विचारलें नाहीं. विचारणें म्हणजे मैत्रीचा अपमान, अशी माझी त्या वेळची समजूत होती.

पहिलीं दोन वर्षें छापखान्याला लग्नपत्रिकांचें काम बरें मिळालें. पण चातुर्मासांत लग्नें नाहींत, म्हणून पत्रिका नाहींत. आणि त्या चार महिन्यांत गाळ्याचें भाडें व खिळे जुळविणाऱ्याचा पगार मात्र चुकत नव्हता. पुढें जिल्ह्याच्या गांवीं ऑफसेटचीं यंत्रें आलीं आणि खिळ्यांच्या छपाईला कोणी विचारीनासें झालें. यंत्र भंगारांत गेलें. आठ हजार रुपये बुडाले, त्याचें दुःख कालांतरानें ओसरलें. पण माझा मित्र माझ्या गल्लींतून जाणें टाळूं लागला. बाजारांत मी दिसलों कीं तो जवळच्या दुकानांत शिरे. त्याला तोंड दाखविण्याची लाज वाटे आणि मला त्याला हांक मारण्याची चोरी झाली. तो वारला तेव्हां आमचें बोलणें बंद होऊन अकरा वर्षें झालीं होतीं.

श्रोतेहो, पैसे दिले म्हणून आमची मैत्री गेली नाहीं. न विचारतां दिले म्हणून गेली. त्या रात्रीं मीं एवढेंच विचारलें असतें कीं, "पावसाळ्यांत काय छापणार?" तर कदाचित् त्यानें छापखाना काढलाच नसता, किंवा पावसाळ्याची कांहीं तजवीज करून काढला असता. आणि इतकें करूनही तो बुडाला असता, तर आम्ही दोघे एका ओट्यावर बसून हळहळलों असतों. गणिताच्या पुस्तकांत आम्ही मुलांना विचारतों, "नफा झाला कीं तोटा, आणि किती?" परंतु तो तोटा कोणाचा, हें पुस्तक कधीं विचारीत नाहीं. संसारांत मात्र खरा प्रश्न तोच असतो.

तीन वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी असाच माझ्या दारीं आला. शहरांतील कारखान्यांतलें त्याचें काम सुटलें होतें, आणि गांवीं राहून लाकडी घाण्यावर शेंगदाण्याचें तेल काढण्याचा धंदा करावा, असें त्याच्या मनानें घेतलें होतें. विजेवर चालणारा घाणा त्या वेळीं दीड लाखाला मिळत होता. पन्नास हजार त्याच्यापाशीं होते. उरलेल्या लाखांतून जेवढे जमतील तेवढे मीं द्यावे, असें त्याचें म्हणणें. बोलतां बोलतां त्याचे डोळे भरून आले आणि तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हीं नाहीं म्हटलें तर मी कोणाकडे जाऊं?" मला माझ्या मित्राची आठवण झाली. मीं म्हटलें, "अरे, पैसे देईन कीं नाहीं, हें मी आज सांगत नाहीं. चार प्रश्न देतों, त्यांचीं उत्तरें वहींत लिहून आण." त्याला राग आला असावा. चहा अर्धा टाकून तो उठला. परंतु बारा दिवसांनीं तो वही घेऊन आला. ते चार प्रश्न आज मी आपणांपुढेंही ठेवतों. कारण माझ्या समजुतीप्रमाणें, ज्यानें दुसऱ्याला भांडवल देण्यास राजी करावयाचें आहे, त्यानें या चार प्रश्नांचीं उत्तरें, कोणी विचारण्यापूर्वींच, आपण होऊन द्यावयास हवींत.

पहिला प्रश्न: या धंद्यांत तुझें स्वतःचें काय गुंतलें आहे?

लक्ष्मणराव किर्लोस्करांचें नांव आपण सर्वांनीं ऐकलें आहे. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. त्यांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान घातलें व पुढें लोखंडी नांगर करावयास घेतला. त्या वेळीं लोखंडानें जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, नांगर खपेनात. दोन वर्षें त्यांना नुसती शेतकऱ्यांची समजूत घालण्यांत काढावीं लागलीं. पुढें बेळगांवची जागा सोडावी लागली, तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यांना कुंडल स्टेशनाजवळची माळजमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. १९१० सालीं तेथें किर्लोस्करवाडी वसूं लागली. आपण ही गोष्ट सांगतांना राजेसाहेबांच्या औदार्याचें वर्णन करतों, आणि तें योग्यच आहे. परंतु तें औदार्य कोणाच्या वांट्यास आलें, हेंही पाहावें. ज्यानें कित्येक वर्षें त्या धंद्यांत घातलीं, स्वतःचा नांगर स्वतः घडवून विकून दाखविला आणि न खपणाऱ्या मालापायीं दोन वर्षें कळ सोसली, त्याच्या वांट्यास तें आलें. देणाऱ्याला राजी करणारें मुख्य भाषण लक्ष्मणरावांच्या नांगरानें आधींच केलेलें होतें.

आजच्या बँकांचा नियमही निराळा नाहीं. पंतप्रधान रोजगार निर्मिति कार्यक्रम २००८ सालीं सुरू झाला. त्यांत सर्वसाधारण वर्गाच्या अर्जदारास खर्चाचा दहावा हिस्सा स्वतःचा घालावा लागतो, आणि विशेष वर्गांना विसावा. याचें कारण रकमेंत नाहीं. ज्याचें स्वतःचें कांहीं बुडणार आहे, तो रात्रीं उठून कुलूप पाहून येतो. म्हणून मीं त्या मुलास सांगितलें कीं, तुझे पन्नास हजार तूं शेवटीं सांगितलेस, ते आधीं सांगावयास हवे होते. त्यानें पुढें आपली मोटारसायकल विकून त्यांत तीस हजारांची भर घातली आणि तो आठवड्याच्या बाजाराला एस. टी. नें जाऊं लागला. हें गांवानें पाहिलें. निम्में काम तेथेंच झालें.

दुसरा प्रश्न: रोजचा हिशेब काय?

यंत्राची किंमत सर्वांना पाठ असते. परंतु यंत्राच्या तोंडांत काय घालणार, आणि घातलेला पैसा परत केव्हां येणार, याचा विचार नवा माणूस करीत नाहीं. या पैशाला खेळतें भांडवल म्हणतात. लहान धंद्यांना बहुधा नफ्याच्या अभावानें नव्हे, तर या खेळत्या भांडवलाच्या अभावानें धाप लागते. त्या मुलानें वहींत मांडलेला हिशेब असा होता. रोज पन्नास किलो शेंगदाणे घाण्यांत घालावयाचे. शंभर किलो दाण्यांतून सुमारें चाळीस किलो तेल निघतें, म्हणजे पन्नास किलोंतून वीस किलो तेल, आणि सुमारें अठ्ठावीस किलो पेंड, बाकीची घट. त्या वेळच्या भावानें दाणे शंभर रुपये किलो, म्हणजे रोजचे पांच हजार. पेंड चाळीस रुपयांनीं जाते, तिचे अकराशें वीस वजा केले कीं राहिले तीन हजार आठशें ऐशीं. त्यांस विसांनीं भागलें, तर तेल किलोला एकशें चौऱ्याण्णव रुपयांस पडलें. वीज, मजुरी, डबे आणि भाडें यांचे किलोमागें चाळीस धरून दोनशें चौतीस. दुकानदार तें दोनशें सत्तरला उचलतो. म्हणजे किलोमागें छत्तीस, आणि दिवसाचे सातशें वीस रुपये.

हिशेब बरोबर होता, परंतु अपुरा होता. मीं विचारलें, "दुकानदार पैसे रोख देतो काय?" तो म्हणाला, "नाहीं गुरुजी, महिन्यानें." मग महिन्यांतले पंचवीस कामाचे दिवस रोज पांच हजारांचे दाणे कोण आणणार? ते झाले सवा लाख! म्हणजे त्याला दीड लाखाची नव्हे, पावणेतीन लाखांची गरज होती. आणि विजेची जोडणी व डबे यांचे पंचवीस हजार मिळवून पुरे तीन लाख. हें त्याला घाणा आणल्यावर कळलें असतें, तर दुसऱ्याच महिन्यांत घाणा उभा राहिला असता. पुढें मीं विचारलें, "दाणे किलोमागें वीस रुपयांनीं चढले आणि तेलाचा भाव वाढला नाहीं तर?" त्यानें तेथल्या तेथें आकडा केला: रोज हजार रुपये जादा खर्च, म्हणजे सातशें विसांचा नफा जाऊन उलट दोनशें ऐशींचा तोटा. तो आकडा पाहून त्याचा चेहरा उतरला. मीं त्यास म्हटलें, "हाच आकडा पहिल्या पानावर लिही. जो माणूस आपला तोटा स्वतः मांडून दाखवितो, त्याच्या नफ्याच्या आकड्यावर लोक विश्वास ठेवतात."

हिशेबाची ताकद केवढी असते, याचें एक उदाहरण आपल्याच सातारा जिल्ह्यांत घडलें. माण तालुक्यांतील म्हसवड येथें चेतना गाला सिन्हा यांनीं गांवांतील कष्टकरी स्त्रियांची बँक काढण्याचें ठरविलें. प्रवर्तक स्त्रियांना लिहितांवाचतां येत नाहीं, या कारणासाठीं रिझर्व्ह बँकेनें पहिला अर्ज नाकारला. त्या स्त्रिया रडत बसल्या नाहींत. त्यांनीं गांवांत अक्षरओळखीचे वर्ग सुरू केले, आणि कांहीं महिन्यांनीं त्या पुन्हां रिझर्व्ह बँकेंत गेल्या. तेथें त्यांनीं अधिकाऱ्यांस सांगितलें कीं, आमच्या लहानपणीं शाळा नव्हती, हा आमचा दोष नाहीं. पण आम्हांला हिशेब येतो. कोणत्याही रकमेचें व्याज विचारा, आणि यंत्राशिवाय तेंच गणित आपल्या अधिकाऱ्यांसही करावयास सांगा. मग कोण आधीं सांगतो, तें पाहा. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. गणिताचा शिक्षक या नात्यानें ही हकीगत सांगतांना मला फार समाधान वाटतें. त्या स्त्रियांनीं आपलें दारिद्र्य पुढें केलें नाहीं. आपला हिशेब पुढें केला.

तिसरा प्रश्न: कोणाकडे मागणार, आणि प्रत्येकाकडे किती?

एका माणसाकडे लाख रुपये मागितले तर तो घाबरतो, आणि त्यानें दिलेच तर तुम्ही त्याचे मिंधे होतां. दहा माणसांकडे थोडेथोडे मागितले, तर बुडाल्यावर कोणाचें घर बसत नाहीं, आणि चालल्यावर दहा घरें तुमचीं गिऱ्हाइकें होतात. ही युक्ति आपल्याकडे नवी नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं पैसाफंडाची कल्पना काढली, ती हीच. प्रत्येकानें वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या निधींतून देशी धंदे उभे करावे, असा तिचा मथितार्थ. लोकमान्य टिळकांनीं तिला पाठबळ दिलें, आणि १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें पैसाफंडाचा कांचेचा कारखाना सुरू झाला. जपानांत व अमेरिकेंत कांचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथें तज्ज्ञ म्हणून आले. मागणी इतकी लहान ठेवली होती कीं, नाहीं म्हणावयाचीच कोणाला लाज वाटावी.

दुसरें उदाहरण तेव्हांच्या नगर जिल्ह्यांतील लोणीचें. विठ्ठलराव विखे पाटील यांचें शाळेंतलें शिक्षण बेताचेंच होतें. त्यांनीं खेड्याखेड्यांत हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलें, आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्यांच्या मार्गदर्शनानें प्रवरेच्या कांठीं सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५० च्या हंगामांत तेथें गाळप सुरू झालें. हा कारखाना कांहीं लहान धंदा नव्हे. पण पैसा कोणाकडे मागितला, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. ज्याच्या शेतांत ऊंस उभा होता, त्याच्याकडे मागितला. कारखाना चालण्यांत ज्याचा स्वतःचा लाभ आहे, त्याला समजाविण्यास फार वक्तृत्व लागत नाहीं.

आमच्या त्या घाणेवाल्यानेंही तेंच केलें. दीड लाख रुपये त्यानें मुद्रा योजनेंतून बँकेकडे मागितले. ही योजना २०१५ पासून चालू आहे आणि तींत लहान धंद्यांना तारणावांचून कर्ज मिळतें. हें कर्ज आहे, अनुदान नव्हे, हें कित्येकांना कळत नाहीं व तेथेंच ते फसतात. स्वतःचे ऐशीं हजार आणि बँकेचे दीड लाख मिळून दोन लाख तीस हजार झाले. राहिलेल्या सत्तर हजारांपैकीं पंचवीस हजार मीं दिले, आणि पंचेचाळीस हजार नऊ माणसांनीं प्रत्येकीं पांच हजार याप्रमाणें दिले. हे नऊजण कोण? दोन किराणा दुकानदार, ज्यांना चांगलें तेल जवळपास मिळत नव्हतें. तीन दुभतीं जनावरें पाळणारे, ज्यांना ताजी पेंड हवी होती. आणि चार शेंगा पिकविणारे शेतकरी, ज्यांना मोंढ्यापर्यंतचें गाडीभाडें वांचवावयाचें होतें. एकानेंही दया म्हणून पैसा दिला नाहीं.

चौथा प्रश्न, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा: धंदा बुडाला तर तोटा कोणाचा?

येथें "कर्ज" आणि "भाग" यांतील भेद आधीं स्पष्ट करावा. कर्ज घेतलें तर धंदा बुडो कीं तरो, मुद्दल व ठरलेलें व्याज देणें आहेच. भागीदार घेतला तर नफ्यांत त्याचा वांटा, तसाच तोट्यांतही. इतकेंच नव्हे, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणें पेढीच्या सर्व देण्यांबद्दल प्रत्येक भागीदार जबाबदार असतो. म्हणून प्रेमाच्या भरांत शेजाऱ्यास "तुम्ही माझे भागीदार" असें म्हणणें सोपें, पण त्याचा अर्थ त्याला ठाऊक नसेल तर ती फसवणूकच होय. रक्कम किती, व्याज किती, हप्ता केव्हां, आणि हप्ता चुकला तर काय करावयाचें, एवढें एका कागदावर लिहावें व त्यावर दोघांनीं सह्या कराव्या. वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचें कर्ज रोखीनें घेण्यास आयकराच्या कायद्यानें मनाई आहे. तें चेकनें किंवा बँकेमार्फतच घ्यावें. आणखी एक सावधगिरी: ओळखीच्या चार माणसांकडून उसने घेणें निराळें, आणि जाहिरात करून, जादा व्याजाचें आमिष दाखवून लोकांच्या ठेवी गोळा करणें निराळें. विनापरवाना अशा ठेवी गोळा करण्यास २०१९ च्या कायद्यानें बंदी आहे.

तोट्याचा प्रश्न आरंभींच सोडविण्याचें एक सुंदर उदाहरण मुंबईच्या गिरगांवांत घडलें. १५ मार्च १९५९ रोजीं सात स्त्रियांनीं एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास सुरुवात केली. भांडवल ऐशीं रुपये. तेंही समाजसेवक छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसनें घेतलेलें. या ऐशीं रुपयांतून लिज्जत पापडाचा धंदा उभा राहिला, आणि त्या सातजणींपैकीं जसवंतीबेन पोपट यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली, हें आपण जाणतां. परंतु मला त्यांतली एक लहानशी गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्या स्त्रियांनीं पहिल्यापासूनच ठरविलें होतें कीं, तोटा आला तरी देणगी म्हणून कोणाकडे कांहीं मागावयाचें नाहीं. नफा आला तर सर्वांचा, तोटा आला तर तोही सर्वांचा. असें ज्यांनीं ठरविलें, त्यांना ऐशीं रुपये देणारा माणूस निश्चिंतपणें झोपला असेल.

आमच्या घाणेवाल्यानें या चौथ्या प्रश्नाचें उत्तर वहींत असें लिहिलें होतें: "बुडालों तर घाणा विकून आधीं बँकेचे देईन. मग नऊजणांचे. गुरुजींचे शेवटीं, कारण त्यांनीं मला वही लिहावयास लावली, ते थांबतील." तें वाचून मला हंसूं आलें, आणि मीं चेक लिहिला. या वेळीं पत्नीला विचारून लिहिला. ती म्हणाली, "या वेळीं कागद करा." मीं म्हटलें, "केला आहे."

पुढें काय झालें, हें आपण विचाराल. धंदा फार भरभराटीस आला, असें मी सांगत नाहीं. पहिलें वर्ष बरें गेलें. दुसऱ्या वर्षीं दाण्याचा भाव चढला. त्या पहिल्या पानावरचा आकडा खरा ठरला. एके संध्याकाळीं तो स्वतः होऊन माझ्या घरीं आला. हातांत तीच वही होती. तो म्हणाला, "गुरुजी, दोन महिने हप्ता देतां येणार नाहीं. नऊजणांकडे जाऊन आलों, तुम्ही दहावे." त्यानें आकडे दाखविले. आम्ही दहाजण त्याच्या घाण्यावर जमलों, आणि दोन महिन्यांचे हप्ते पुढें ढकलले. दुकानदारांनीं उधारी महिन्यावरून पंधरा दिवसांवर आणली. शेतकऱ्यांनीं अर्ध्या शेंगांचे पैसे तेल विकल्यावर घेण्याचें कबूल केलें. घाणा चालू राहिला. माझे पंधरा हजार परत आले आहेत, दहा हजार यावयाचे आहेत. ते येतील असें मला वाटतें. न आलेच, तर कां आले नाहींत हें मला ठाऊक असेल. आणि तो मुलगा रोज सकाळीं माझ्या गल्लींतूनच डबे घेऊन जातो, दारांत मी दिसलों कीं थांबतो.

श्रोतेहो, आपणांपैकीं कोणी उद्यां कोणापाशीं भांडवल मागावयास जाणार असाल, तर डोळ्यांतलें पाणी घरीं ठेवून जा आणि वही बरोबर घेऊन जा. तुमचें स्वतःचें किती गुंतलें आहे, रोजचा हिशेब काय, आणखी कोणाकोणाला विचारलें आहे आणि तोटा आल्यास तो कोणाचा, हें विचारण्याआधीं सांगा. समोरचा नाहीं म्हणाला, तर त्यानें कोणता आकडा पाहून नाहीं म्हटलें तें विचारून घ्या. त्याचा नकारही फुकट जाणार नाहीं. आणि आपणांपैकीं कोणाच्या दारीं असा कोणी आला, तर लगेच होही म्हणूं नका आणि लगेच नाहींही म्हणूं नका. त्याला बसवा, चहा द्या, आणि प्रश्न विचारा. ज्याला आपण प्रश्न विचारतों, त्याला आपण भिकारी समजत नाहीं. माझ्या मित्राला मीं एवढा मान दिला नाहीं, याची रुखरुख मला आजही आहे. आपणांस ती लागूं नये, म्हणून हें सारें सांगितलें.